शहराच्या पोटातील शहर
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी आयुष्यभर चित्रकलेचा मास्तर म्हणून काम केले. त्यामुळे संस्थेच्या चिटणीसांनी भाषणाचे आमंत्रण दिले तेव्हा प्रथम मी नकारच देणार होतो. परंतु तीन वर्षांपूर्वी घडलेली एक गोष्ट आपल्याला सांगावी असे पुष्कळ दिवस मनात होते. ती सांगण्यासाठी याहून योग्य जागा मला मिळणार नाही, म्हणून आपल्यापुढे उभा आहे.

आमच्या गावात जुन्या काळची पाण्याची योजना आहे. डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून खापरी नळ आणि दगडी नहर गावापर्यंत येते, आणि वाटेत ठिकठिकाणी हवेसाठी बांधलेली विहिरीसारखी तोंडे आहेत. आज त्यांतील बहुतेक कोरडी किंवा गाळाने भरलेली आहेत. तीन वर्षांपूर्वी पावसाळा सरताना नववीतील दोन मुले अशाच एका तोंडातून दोर लावून खाली उतरली. का? तर मोबाइलवर आतला फोटो काढून मित्रांना दाखवायचा होता. एकाचा पाय घसरला, मनगट मोडले, मोबाइल पाण्यात गेला. दुसऱ्याने आरडाओरडा केला म्हणून शेजारचे लोक धावले आणि मुलगा वर आला. अल्लाहची मेहेरबानी की एवढ्यावरच भागले.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील मला भेटले. संतापलेले होते आणि घाबरलेलेही होते. ते म्हणाले, "सर, या पोरांचे मोबाइल काढून घ्या. आणि त्या बंब्यांवर एकदाची काँक्रीट ओता म्हणावं. नको ते बिळात शिरणं आणि नको ते फोटो." त्यांच्याजवळ बसलेली आई मात्र एवढेच म्हणाली, "सर, त्यानं खाली काय पाहिलं ते मला तरी सांगा. रात्रभर तो तेच बोलत होता."

पालकहो, या दोन वाक्यांच्या मध्येच माझे आजचे भाषण आहे. बापाचे भय खोटे नव्हते आणि मुलाचे कुतूहलही खोटे नव्हते. दोन्हींचा मान राखून काय करता येईल, याचा विचार आपण मिळून करू.

अंधारात कॅमेरा नेणारा पहिला माणूस

मुलांना वाटते की जमिनीखाली जाऊन फोटो काढणे ही त्यांच्या पिढीची कल्पना आहे. तसे नाही. पॅरिस शहरात नादार या नावाने ओळखला जाणारा एक छायाचित्रकार होऊन गेला (१८२०–१९१०). १८५८ साली त्याने बलूनमध्ये बसून आकाशातून छायाचित्र घेतले आणि त्यानंतर काही वर्षांतच तो नेमका उलट दिशेला वळला. १८६१ पासून पुढच्या तीनचार वर्षांत त्याने पॅरिसच्या भूगर्भातील अस्थिगृहांची आणि गटारांची छायाचित्रे घेतली. सूर्यप्रकाश नसताना विजेच्या दिव्यावर छायाचित्रे काढण्याच्या पद्धतीचे पेटंटही त्याने १८६१ सालीच घेतले होते.

ही अस्थिगृहे म्हणजे काय, तेही समजून घेण्यासारखे आहे. पॅरिसच्या इमारती ज्या चुनखडीच्या दगडाने बांधल्या, तो दगड शहराच्या खालूनच काढला गेला होता. वर शहर वाढत गेले आणि खाली पोकळी वाढत गेली. १७७४ साली एक रस्ता खचला तेव्हा सरकारचे डोळे उघडले. १७७७ मध्ये या खाणींच्या तपासणीसाठी स्वतंत्र खाते काढण्यात आले. पुढे १७८६ पासून गच्च भरलेल्या जुन्या दफनभूमींतील अस्थी याच रिकाम्या खाणींत आणून रचण्यात आल्या. साठ लाखांच्या आसपास माणसांच्या अस्थी तेथे असाव्यात असे मानले जाते.

अशा ठिकाणी नादारने बॅटऱ्यांचे अवजड संच, तारांची भेंडोळी, दिवे आणि काचेच्या प्लेटा नेल्या. एकेका चित्राला अठरा अठरा मिनिटे लागत. आज आपली मुले एका मिनिटात अठरा फोटो काढतात! इतका वेळ माणूस निश्चल उभा राहू शकत नाही, म्हणून कामगाराच्या जागी त्याने कामगाराचे कपडे घातलेले पुतळे उभे केले. गटारात तर एकदा सतरा मिनिटे धीर धरल्यावर अगदी अखेरीला पाण्यावरून वाफ उठावी आणि प्लेट फुकट जावी, असेही त्याच्या वाट्याला आले. त्याने पुन्हा प्लेट लावली. विद्यार्थ्यांनी त्याची हीच पुन्हा प्लेट लावण्याची वृत्ती लक्षात ठेवावी.

या चित्रांनी एक मोठे काम केले. ज्या गटारांचे नाव घ्यायला लोक लाजत, ती गटारे म्हणजे शहराच्या आरोग्याचा आधार आहे हे लोकांना डोळ्यांनी दिसले. १८६७ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी पॅरिसची गटारे लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. आज तेथे गटारांचे संग्रहालय आहे.

कॅमेरा आणि कमरा

आता थोडे आपल्याकडे येऊ. 'कॅमेरा' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ आहे खोली. आपण घरात ज्याला 'कमरा' म्हणतो, तो शब्दही त्याच मुळापासून पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आला. म्हणजे कॅमेरा हा मुळात एक अंधारा कमराच आहे. आणि या अंधाऱ्या खोलीचे शास्त्र काटेकोरपणे मांडणाऱ्यांत अग्रणी कोण? अकराव्या शतकाच्या आरंभी कैरोत राहून 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशशास्त्रावरील ग्रंथ लिहिणारे इब्न अल-हैथम. छोट्या छिद्रातून अंधाऱ्या जागेत आलेला प्रकाश समोरच्या भिंतीवर बाहेरच्या वस्तूची आकृती कशी उमटवतो, याचा त्यांनी प्रयोगांनी अभ्यास केला. ग्रहणाच्या वेळी सूर्याची कोर छिद्रातून कशी दिसते, यावर त्यांनी स्वतंत्र प्रबंध लिहिला.

त्याच काळातले दुसरे नाव अल-करजी. हे मोठे गणिती होते. त्यांनी जमिनीत दडलेले पाणी वर कसे आणावे यावर एक ग्रंथ लिहिला. इराणात ज्याला कनात किंवा कारेझ म्हणतात, त्या भुयारी नहरींचे शास्त्र त्यात आहे. डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत एक मुख्य विहीर खणायची. तेथून गावाकडे जमिनीच्या उतारापेक्षा कमी उताराचे भुयार न्यायचे, म्हणजे पाणी आपल्या वजनानेच वाहत येऊन गावाजवळ उघड्यावर बाहेर पडते. वाटेत ठराविक अंतरावर माती काढण्यासाठी व हवेसाठी उभी तोंडे ठेवायची. ना बैल, ना मोट, ना इंजिन. उतार जास्त झाला तर भुयार झिजते, कमी झाला तर गाळ साचतो. सारा हिशेब भूमितीचा. मुलांनो, आठवीचे गणित कंटाळवाणे वाटले की हे आठवा.

हे इल्म दख्खनमध्ये आले आणि येथील दगडमातीत रुजले. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पाहा. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात इराणी जाणकाराच्या देखरेखीखाली ही योजना झाली. शंभराहून अधिक कुंड्या जमिनीखालील नहरीने जोडलेल्या आहेत आणि चारशे वर्षांनंतरही तिच्यात पाणी वाहते. २०२४ साली तिचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाले.

हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला मलिक अंबर आपण लढवय्या म्हणून वाचतो. त्याने १६१० मध्ये खडकी हे शहर वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर जिल्हा म्हणून सरकारी दप्तरी आहे. त्या शहरासाठी त्याने जी नहर बांधली ती नहर-ए-अंबरी. त्याच परंपरेतील पाणचक्की आपल्यापैकी पुष्कळांनी सहलीत पाहिली असेल. डोंगराकडून जमिनीखालून आलेले पाणी भिंतीच्या माथ्यावर चढते आणि तेथून खाली पडून चक्की फिरविते. परंतु त्या मोठ्या हौदाच्या काठावर उभे राहून फोटो काढणाऱ्या किती जणांना ठाऊक असते की हौदाचा तळ हाच खालच्या एका प्रशस्त दालनाचे छत आहे?

पायाखालचे पाणी

मी लहान असताना आजोबा मला मुंबईच्या जुम्मा मशिदीत घेऊन गेले होते. वजूसाठी हौदाच्या पायऱ्या उतरलो तेव्हा हिरव्या पाण्यात मासे दिसले आणि मी तेथेच रमलो. आजोबांनी हात धरून ओढले तेव्हा कुठे उठलो. १८०२ मध्ये पुरी झालेली ती मशीद एका जुन्या तळ्यावर उभी आहे आणि पाण्याच्या तळातून उठलेल्या काळ्या दगडाच्या सोळा कमानी तिचा भार पेलतात, हे मला कळले ते फार उशिरा, पांढरे केस झाल्यावर. ज्या पाण्यात मी हात घातला, त्याच पाण्यात त्या इमारतीचे पाय होते. मला कोणी सांगितले नाही, कारण मी विचारले नाही.

इस्तंबूलमध्येही असेच घडले होते. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने तेथे जमिनीखाली ३३६ खांबांचा एक अवाढव्य जलाशय बांधला. काळाच्या ओघात त्याचा विसर पडला. १५४५ च्या सुमारास एक फ्रेंच अभ्यासक तेथे आला, तेव्हा त्याला कळले की आसपासचे रहिवासी आपल्या तळघरातील भोकातून बादली सोडून पाणी काढतात आणि कधी कधी त्यांना मासेही मिळतात. तो मशाल घेऊन होडीतून आत गेला आणि त्याने सारे मोजून लिहून ठेवले. पाणी रोज पिणाऱ्यांना जे ठाऊक नव्हते, ते विचारणाऱ्याला सापडले. १९८७ पासून तो जलाशय लोकांसाठी खुला आहे.

आपल्या मुंबईतही २०१६ साली राजभवनाच्या खाली ब्रिटिश काळातील दीडशे मीटर लांबीचे आणि तेरा खोल्यांचे भुयार सापडले. त्याची तोंडे बंद होती, एवढेच. २०२२ मध्ये तेथे क्रांतिकारकांच्या स्मृतीचे दालन उघडण्यात आले.

भय खरे आहे

आता त्या वडिलांच्या भयाकडे येतो, कारण ते मी विसरलेलो नाही.

१७९३ मध्ये पॅरिसच्या एका रुग्णालयाचा द्वारपाल एकटाच त्या खाणींत उतरला आणि परत आला नाही. अकरा वर्षांनी, १८०४ मध्ये, त्याचा सांगाडा सापडला. हे जुने झाले म्हणाल तर जून २०१७ मध्ये त्याच भुयारांत सोळा आणि सतरा वर्षांची दोन मुले तीन दिवस चुकली होती. शोधपथकाच्या कुत्र्यांनी ती हुडकून काढली तेव्हा दोघेही थंडीने गारठलेले होते. लोकांसाठी खुला असलेला भाग सोडून इतरत्र जाण्यास तेथे १९५५ पासून मनाई आहे. मनाई उगाच नसते.

आपल्याकडचा धोका तर याहून वेगळा आणि अधिक भयंकर आहे. बंद गटारात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो. थोडा असला तर कुजक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणूस समजतो की हवा शुद्ध झाली आणि तेथेच कोसळतो. जुन्या विहिरीत हवेहून जड असा कार्बन डायऑक्साइड तळाशी बसून राहतो. पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो.

येथे नादारच्या पुतळ्याची मला आठवण होते. त्याने गटारात माणसाच्या जागी पुतळा उभा केला. आपल्या शहरांत अजूनही जिवंत माणसे गटारात उतरविली जातात. २०१३ च्या कायद्याने ही गोष्ट बंद केली आहे. अशा मृत्यूंबद्दल कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. तरीही माणसे उतरतात, कारण पोट उतरविते. मुलांनो, ज्या अंधारात तुम्ही हौसेने जाऊ पाहता, त्यात कोणी मजबुरीने जातो, हे विसरून काढलेला फोटो कितीही सुंदर असला तरी तो अपुरा आहे.

आणखी एक गोष्ट सरळ सांगतो. आपल्या मुलाच्या हातात कॅमेरा असेल, तो एखाद्या बंद इमारतीभोवती किंवा पाण्याच्या टाकीभोवती फिरत असेल, तर लोक त्याला विचारणारच. कधी सौम्यपणे विचारतील, कधी संशयाने. हे भय कित्येक पालक बोलून दाखवीत नाहीत, पण मनात बाळगतात. यावर उपाय घरी बसणे हा नव्हे. कागद हा उपाय आहे. संस्थेचे पत्र, जागेच्या मालकाची लेखी परवानगी, सोबत शिक्षक आणि दिवसाची वेळ, या चार गोष्टी असल्या की मुलाची मान ताठ राहते. चोरून पाहिलेल्या गोष्टीचे ज्ञान चारचौघांत मांडता येत नाही, हे मी मुलांना नेहमी सांगतो.

आम्ही काय केले

मनगट बरे झाल्यावर मी त्या दोन मुलांना बोलावले आणि अट घातली. खाली कोणीही उतरायचे नाही. पण वरून जेवढे पाहता येईल तेवढे पाहायचे. तो वडीलधारा माणूस, ज्याने काँक्रीट ओता म्हटले होते, त्यालाच मी आमच्या बरोबर यायला सांगितले. तो व्यवसायाने गवंडी. प्रथम नाही म्हणाला, मग आला.

संबंधित कार्यालयात अर्ज केला. उत्तर यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मुलांनी मोहल्ल्यातील वृद्धांना विचारून तोंडांची यादी केली. एका आजींनी त्यांच्या लग्नात कोणत्या तोंडातून पाणी भरले होते ते जागेवर येऊन दाखविले. तेथे आज कचऱ्याचा ढीग होता. परवानगी आल्यावर आम्ही दोरीला फूटपट्टी बांधून खोली मोजली, लांब काठीला मोबाइल बांधून आतले फोटो घेतले. गवंडीसाहेबांनी चुन्याचा सांधा बोटाने चाचपून पाहिला आणि म्हणाले, "सर, असा चुना आता कोणी मळत नाही." मग त्यांनी मुलांना तासभर चुना कसा भिजवायचा, मुरवायचा, घोटायचा ते सांगितले. बापाकडे एवढी विद्या आहे हे त्या मुलाला त्या दिवशी प्रथम कळले.

अखेर एक वही तयार झाली. एकतीस फोटो, प्रत्येकाखाली जागा, दिशा, तारीख, खोली आणि माहिती कोणी सांगितली ते. गेल्या वर्षी रस्ता रुंद करताना त्यातील दोन तोंडे बुजविली गेली. कोणाला दोष देत नाही, रस्ताही हवाच होता. पण त्या दोन तोंडांची आज जगात एकच खूण शिल्लक आहे, ती म्हणजे नववीच्या मुलांच्या वहीतील दोन फोटो. पुढे उरलेल्या तोंडांना जाळी बसवावी म्हणून त्याच वहीची प्रत जोडून मोहल्ल्याने अर्ज दिला आहे. आजपर्यंत तीन ठिकाणी जाळी बसली. ज्या तोंडातून मुलगा पडला, ते त्यातलेच एक.

विद्यार्थ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. अंधारात फ्लॅश मारू नका, कारण धूळ चमकते आणि भिंत सपाट दिसते. टॉर्च बाजूने तिरकी धरा, म्हणजे घडाईच्या खुणा आणि कोरलेली अक्षरे उठून दिसतात. मोबाइल हातात न धरता दगडावर टेकवा आणि टायमर लावा. चित्रात एखादी पट्टी ठेवा, नाहीतर कमान हातभर की पुरुषभर हे कळणार नाही. भिंतीवर नाव लिहू नका आणि तेथला खडासुद्धा उचलू नका. आणि घरी आल्यावर त्याच दिवशी टिपण लिहा. फोटो काय दिसले ते सांगतो, कोठे आणि केव्हा ते तुम्हालाच सांगावे लागते.

पालकांना माझी एकच विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी रात्री येऊन म्हणाली की आज मी एक जुनी जागा पाहिली, तर आधी रागावू नका. त्या आईसारखे विचारा, काय पाहिलेस ते सांग. मुलींच्या पालकांना तर मी मुद्दाम सांगतो. आमच्या वहीतील सर्वांत नेटका नकाशा सातवीतल्या एका मुलीने घराच्या गच्चीवर बसून काढला आहे. तिला कोठेही उतरावे लागले नाही.

त्या मुलाचे मनगट आता बरे आहे. तो यंदा बारावी विज्ञानाला आहे आणि पुढे स्थापत्य अभियंता व्हावे असे त्याच्या मनात आहे. गवंड्याचा मुलगा आहे, दगडचुन्याची ओळख त्याला घरातूनच आहे. आपण सर्वांनी त्याच्यासाठी दुआ करावी.

 ती वही मी बरोबर आणली आहे. बाहेर टेबलावर ठेवली आहे. जाताना अवश्य पाहावी.

खुदा हाफिज.